जोडी तोडू नका

सोमाटणे फाट्यापासून शिरगावपर्यंत नव्या वसाहती उठल्या, तशी मावळातली मुलंही पियानो-कीबोर्ड शिकू लागली. बाखचा सी मेजरमधला प्रिल्यूड ती हौसेने बसवतात. तो हाताखाली आला की पुढचा धडा सुरू. त्याच्यामागे छापलेल्या फ्यूगकडे कुणी बघत नाही. हे मला खटकतं.

बाखने 1722 मध्ये बारा स्वरांवर, मेजर-मायनर धरून, अशा 24 जोड्या सिद्ध केल्या. मात्र त्यांतले 11 प्रिल्यूड थोरल्या मुलासाठी 1720 मध्ये सुरू केलेल्या वहीत फ्यूगविनाच आढळतात. त्यामुळे दोन्हींत एकच धून शोधणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. नातं आहे ते षड्जाचं. सी मेजरच्या प्रिल्यूडमध्ये तशी चाल नाहीच. एकाच घाटाने स्वर उलगडत जातात आणि 35 बारांनंतर कान षड्जावर पक्का बसतो. मग फ्यूगमध्ये एक आवाज एकटाच ‘सा रे ग म’ असा चढतो, दुसरा तेच पंचमावरून म्हणतो, पाहता पाहता चार आवाज होतात. अवघ्या 27 बारांत तो विषय 24 वेळा येतो, तरी गर्दी वाटत नाही, कारण कान आधीच तयार झालेला असतो.

ख्याल ऐकणाऱ्याला हे कळायला कितीसा वेळ लागणार? विलंबितामागून द्रुत येतो तेव्हा शब्द वेगळे, ताल बहुधा वेगळा, मुखडा वेगळा. राग तेवढा एक. गवई विलंबित आटोपून उठला तर आपण चालवून घेऊ का?

अर्थात प्रत्येक जोडीचा संसार निराळा. ई फ्लॅट मेजरचा प्रिल्यूड स्वतःच एक फ्यूग पोटात घेऊन येतो आणि मागच्या फ्यूगपेक्षा भारी ठरतो. 1950-51 मध्ये शोस्ताकोविचने बाखला स्मरून 24 जोड्या लिहिल्या. त्यांतले काही प्रिल्यूड तर न थांबता थेट फ्यूगमध्ये शिरतात.

शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. फ्यूग मुलांच्या हाताला जड जात असेल तर त्यांच्याकडून वाजवून घेऊ नका. पण त्यांचा प्रिल्यूड संपला की मध्ये काही न बोलता तो तुम्ही वाजवून दाखवा.