फोन ठाणेदाराच्या हाती हवा

गोंदिया जंक्शनवर हावडा, नागपूर, जबलपूर आणि बल्लारशा अशा चारही दिशांच्या गाड्या येतात. कुठून तरी भरकटलेला, स्वतःशीच बोलणारा, नाव-गाव न सांगता येणारा माणूस इथल्या फलाटावर उतरला तर नवल नाही. भुकेपोटी तो टपरीवरची भजी उचलतो, नाहीतर बंद दुकानाचं शटर बडवतो. मग कुणीतरी 112 ला फोन लावतं. त्याने ती रात्र कुठे काढायची?

कायद्याचं उत्तर स्वच्छ आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 100 सांगतं की अशा माणसाला पोलिसांनी संरक्षणात घ्यावं, 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं आणि काही झालं तरी कोठडीत किंवा तुरुंगात ठेवू नये. तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांना शोधणंही ठाणेदाराकडेच. अमेरिकेत मेम्फिसच्या पोलिसांनी 1988 मध्ये मनोरुग्णांना हाताळण्याचं खास प्रशिक्षण सुरू केलं, तेही एक मनोरुग्ण पोलिसांच्या गोळीला बळी पडल्यावर. आपल्याकडे तर ही जबाबदारी थेट कायद्यातच आहे.

पण गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरी किंवा चिचगडच्या ठाण्यात रात्री दोन वाजता समोर बसलेला माणूस दारू प्यायलेला आहे, तापात बरळतोय की मनोरुग्ण आहे, हे हवालदाराने ओळखायचं कसं?

डिजिटल मदत म्हटलं की आपल्याकडे लगेच ॲप काढलं जातं. ज्याच्या पायात चप्पल नाही, तो मोबाईल चार्ज कुठे करणार? मदत हवी आहे ती हवालदाराला. 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्य सल्ल्याची सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते, मराठी-हिंदीसह अनेक भाषांत. याच सेवेत पोलीस ठाण्यांसाठी वेगळी लाइन हवी. डॉक्टरने व्हिडिओवर माणूस बघावा, सल्ला द्यावा आणि तो स्टेशन डायरीत चढावा. रुग्णालयात न्यायच्या गाडीची सोय मात्र कुठलीही स्क्रीन करणार नाही. गोंदियात 2016 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरलाच, रेल्वेने सुमारे 130 किलोमीटरवर.

घर शोधायला तंत्रज्ञान कसं कामी येतं, हे नागपूरने 2021 मध्ये पाहिलं. लहानपणी रेल्वे स्थानकावर सापडलेल्या एका मुलाचं आधार कार्ड काढायला गेले, तर त्याच्या बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघाले. त्यावरून जबलपूरचं घर सापडलं. त्याची अडचण मनोविकाराची नव्हे, बौद्धिक अक्षमतेची होती. पण नाव-गाव सांगता न येणाऱ्याची गत सारखीच. अर्थात, आधारचा खजिना ठाण्यात मन मानेल तसा उघडला जाऊ नये. त्यासाठी न्यायालयाची परवानगी आणि ठरलेली पद्धतच हवी.

कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवण्याच्या कामासाठी 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एका संस्थेला हे जमतं, तर जिल्ह्याच्या यंत्रणेला का जमू नये? गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आणि पोलीस अधीक्षकांनी एकत्र बसून प्रत्येक ठाण्यासाठी डॉक्टरचा क्रमांक आणि गाडी कुणाची, एवढं तरी लेखी ठरवावं. आणि वाचकहो, फलाटावर असा माणूस दिसला तर 112 ला फोन करताना कलम 100 चाही उल्लेख करा.