रक्त आमचंच, बिलही आमच्याच नावावर



पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या पोरांच्या टाचा आणि गुडघे हे आता चांगलं गिऱ्हाईक झालंय. पहाटे डांबरी रस्त्यावर 1600 मीटर मारायचे, रोज, विश्रांतीशिवाय. दोन-तीन महिन्यांत टाचेमागची शीर धरते. मग कुणीतरी सल्ला देतो, 'पीआरपी करून घे, मोठे खेळाडू करतात.' काही हजारांचं इंजेक्शन, आणि पैसे उसनवारीचे.

पीआरपी म्हणजे काय? तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, प्लेटलेट्स जास्त असलेला पिवळसर भाग वेगळा करायचा आणि दुखऱ्या जागी टोचायचा. प्लेटलेट्समधली वाढीची द्रव्यं झिजलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, दुरुस्त करतील ही त्यामागची कल्पना. कल्पना वाईट नाही. पण कालामांना बुद्धांनी जी कसोटी सांगितली ती इथेही लावायची की नाही? कुणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानायचं नाही, तपासून बघायचं.

तपासणी झालेली आहे. 2010 साली नेदरलँड्समध्ये टाचेच्या जुन्या दुखण्याच्या 54 रुग्णांत अर्ध्यांना पीआरपी दिलं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. व्यायाम दोघांनाही तोच. फरक पडला नाही. 2021 साली ब्रिटनमध्ये 240 रुग्णांवर पुन्हा तपासलं, निम्म्यांना नुसतं सुई टोचल्याचं नाटक केलं. सहा महिन्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच. कोपराच्या दुखण्यावरच्या 32 चाचण्या कॉक्रेनच्या अभ्यासकांनी त्याच वर्षी एकत्र तपासल्या. त्यांचाही निष्कर्ष असाच की फायदा बहुधा नाही.

यावर उत्तर येतं, 'पीआरपी स्टिरॉइडपेक्षा सरस ठरलंय.' हो, कोपराच्या काही चाचण्यांत ठरलंय. पण त्याच दुखण्यात स्टिरॉइड घेणारे वर्षभरानंतर खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षाही मागे राहिले, असं 2013 च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत दिसलं. हरणाऱ्याला हरवून पदक मागण्याचा हा प्रकार आहे!

मग काय करायचं? 1998 साली स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी 15 हौशी धावपटूंना पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच हळूहळू खाली सोडायला लावलं, 12 आठवडे, रोज. सगळे पुन्हा धावू लागले. अभ्यास लहान होता, पण कंडरेला हळूहळू वाढता भार देणं हाच आज पहिला उपचार मानला जातो. त्याला पायरी लागते, सांगणारा माणूस लागतो आणि वेळ लागतो. यात विकण्यासारखं फारसं काही नाही, म्हणून त्याची जाहिरातही नाही.

खरी गोम त्या वेळेतच आहे. 'टेनिस एल्बो' हे नाव ऐकून हसू येतं, कारण हे दुखणं असलेल्या बहुतेकांनी रॅकेट कधी हातातही धरलेली नसते. झाडू, कोयता, पाटी, थापी धरलेली असते. कंत्राटी सफाई कामगार बाईला डॉक्टर म्हणणार, 'सहा आठवडे हात जपा.' तिने उद्या हजेरी बुडवली तर रोज कोण देणार? आणि सफाईच्या कामात कुणाची बायामाणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे आम्ही नव्याने सांगायला नको. 1948 च्या कारखाने कायद्याने कामामुळे होणाऱ्या रोगांची यादी दिली. तिच्यात शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, आवाजाने येणारं बहिरेपण आहे. झिजलेला कोपर नाही. जे यादीत नाही ते 'तुझं दुखणं, तू बघ.' या फटीतूनच इंजेक्शनवाला आत येतो.

1946 साली कारखान्यातला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आणणारी दुरुस्ती झाली, तेव्हा मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. शरीर किती राबवायचं हा कायद्याचा प्रश्न आहे, हे तेव्हा मान्य झालं होतं. आज कंत्राटदाराच्या हजेरीवहीसमोर तो प्रश्न पुन्हा एकट्या माणसाच्या खिशात ढकलला जातोय.

म्हणून इंजेक्शनला पैसे मोजण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: माझ्या याच दुखण्यावर, खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत, याचा फायदा दिसलाय का? तीन महिने नीट व्यायाम करून पाहिला तर बिघडेल काय? अकादमीवाल्या सरांनाही विचारा, आठवड्यातले किती दिवस मातीवर पळवता आणि किती दिवस विश्रांती देता. आणि ज्यांच्या हातात युनियन आहे त्यांनी पुढच्या मागणीपत्रात दुखऱ्या हातासाठी भरपगारी रजा आणि हलकं काम ही दोन कलमं घालावीत. मसुदा लिहायला आम्ही बसायला तयार आहोत.