करवतीचे दुसरे टोक कोण धरणार?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, आणि ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली ह्या भागांतील बागाइतीची व घरांची जी धूळधाण केली तिचे वर्णन त्या वेळी पुष्कळ छापले गेले. त्या वर्णनांत एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटली. ज्याच्या घराचे आढे वाऱ्याने मोडले त्याच्याच परसात त्याच वाऱ्याने फणस, आंबा, किंजळ मुळासकट आडवे करून ठेवले होते. घर गेले खरे, पण घराचे लाकूड दारात येऊन पडले होते. असे असता पुष्कळ ठिकाणी माणसे पुढील पावसाळाभर पत्र्यांची वाट पाहत का बसली, आणि दारचे लाकूड जळणाच्या भावाने का गेले, ह्या प्रश्नाचा विचार आज पुनः करावयाचा तो अशाकरिता की, वादळे एकदा येऊन थांबत नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलेच, पुढेही येतील.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास आमच्यापैकी एकास श्रीवर्धनच्या बाजूला एका वाडीत जो प्रकार पाहावयास मिळाला तो येथे सांगतो. घर एका विधवा बाईचे. सासऱ्याने लावलेला फणस पडवीवर पडलेला. एका लाकूडवाल्याने येऊन, झाड उचलून नेण्याचा खर्च वजा जाता हाती काय पडेल ते सांगितले; ते ऐकून बाईने त्यास वाटेस लावले व सरळ गावच्या वृद्ध सुताराकडे जाऊन विचारले, "काका, ह्याची तुळई निघंल का?" काकांचे उत्तर असे की, तुळई निघेल, दोन खांब निघतील, वासेही निघतील, पण करवत ओढावयास आता माझे हात नाहीत. हे ऐकून जी मंडळी जमली ती अशी: एक शाळामास्तर, एस. टी.तून निवृत्त झालेले एक वाहक आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील दोन मुले. एका मुलाने कोणाकडून तरी चेन सॉ आणि ती ओंडक्यावर सरळ चालविण्याची लोखंडी चौकट मागून आणली. काकांनी काव लावलेल्या दोरीने ओंडक्यावर सूत मारून द्यावे आणि इतरांनी त्या रेघेवरून कापावे, असा क्रम ठरला. दुसऱ्या दिवशी करवतीची साखळी एका जुन्या खिळ्यावर आपटली. वाळत घालावयाच्या दोरीसाठी कोणी तरी तीस वर्षांपूर्वी तो मारला असेल. त्यावर झाडाने आपली साल चढवून घेतली होती. साखळीचे दात कानशीने घासण्यात अर्धा दिवस गेला. चौथ्या दिवशी संध्याकाळी काकांनी सांगितलेले सर्व लाकूड निघाले. बाईने चारही दिवस मंडळींना भाकरी व सुकटीची चटणी जेवू घातली. ह्यापलीकडे कोणी काही घेतले नाही.

त्याच परसात एक आंबाही पडला होता. पण आंब्याचे लाकूड चार महिने पावसात भिजून बुरशीने काळे पडले होते व त्याला भुंगाही लागला होता. ते चुलीखेरीज कशाच्याही कामाचे राहिले नव्हते. फणसाचा पिवळा गाभा तेवढा टिकला. हेच पाच जण जूनमध्ये जमले असते तर आंब्याच्या निदान रिपा व फळ्या तरी निघाल्या असत्या. परोपकारालाही मुदत असते, ही गोष्ट आमच्या लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी ह्याचा हिशेबही मांडतो. सहा फूट घेराचा व बारा फूट लांबीचा ओंडका घ्या. वखारीच्या रीतीप्रमाणे घेराचा चवथा हिस्सा दीड फूट, त्याचा वर्ग सव्वादोन, त्यास बाराने गुणिले म्हणजे सत्तावीस घनफूट माल. हे सत्तावीस घनफूट जळण म्हणून विकले तर काय येते आणि तेवढेच कापीव लाकूड वखारीतून विकत आणले तर काय पडते, हे आम्ही सांगण्यापेक्षा वखारवाल्यांनीच मनाशी ताडून पाहावे. कापणीतही फरक आहे. चेन सॉचा चीर पाव इंचाचा धरला तर एक इंची चार फळ्यांमागे एक फळी भुशात जाते. चाकांवर फिरणाऱ्या पट्ट्याच्या करवतीचा चीर दोनच मिलिमीटरांचा, तेथे बारा फळ्यांमागे एक जाते. असले लहान, गाडीमागे जोडून परसात नेता येणारे यंत्र एखाद्या तालुक्याच्या व्यापारी मंडळाने मिळून घेतले, तर ते मंडळाचे दिवाळे काढणारे नव्हे.

निसर्गानंतर राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० रुपयांवरून दीड लाखावर नेली. ती नेली हे योग्यच केले. परंतु पैसा हाती आला म्हणजे घर उभे राहिले असे नव्हे. ज्या मोसमात साऱ्या किनाऱ्याचे छप्पर उडते त्याच मोसमात पत्रा, सुतार व मजुरी ह्या तिन्हींचे भाव चढतात, आणि सरकारी मदतीचा चांगला हिस्सा त्या चढावातच विरून जातो. हाताची मदत अशी विरत नाही. आमच्या खेड्यांतून इर्जिकेची चाल होती ती ह्याच अनुभवातून. एकट्याच्याने न उरकणारे काम निघाले की बैल-माणसांनिशी सगळ्यांनी एका दिवसात उरकून द्यावे, आणि ज्याचे काम त्याने सर्वांस जेवू घालावे. मोठी करवत तर मुळातच दोघांची. एक जण ओंडक्यावर, एक जण खाली खड्ड्यात. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जातो, वरच्याची पाठ मोडते, आणि दोघांपैकी एक नसला तर करवत हलत नाही.

हे सर्व एका वाडीपुरते ठीक, पण ह्या रीतीने एखाद्या जिल्ह्याची किंवा प्रांताची घरे उभी राहतील काय, असा प्रश्न शहाणे लोक विचारतील. त्यांस आम्ही फिनलंडचे उदाहरण देतो. १९४० मध्ये व पुन्हा १९४४ मध्ये त्या देशास कारेलिया हा आपला पूर्व भाग रशियास द्यावा लागला, आणि तेथील चार लाखांवर माणसे घरदार सोडून उरलेल्या देशात आली. देशाची एकंदर वस्ती चाळीस लाखांच्याही आत. म्हणजे दर नऊ-दहा माणसांत एक निर्वासित. शिवाय युद्धाची खंडणी डोक्यावर, आणि सिमेंट, विटा, खिळे सर्वांचीच टंचाई. १९४५ च्या मे महिन्यात तेथील कायदेमंडळाने जमीन संपादनाचा कायदा केला आणि मोठ्या जमीनदारांकडून, संस्थांकडून व सरकारी मालकीतून जमीन काढून निर्वासितांस व लढाईवरून परतलेल्या शिपायांस दिली. शेतीसाठी दिलेल्या जमिनीबरोबर पुष्कळांस रानाचाही तुकडा मिळाला. घराचे नकाशे वास्तुशास्त्रज्ञांनी ठरीव नमुन्याचे करून दिले: दीड मजली, लाकडी, मध्ये धुराडे व त्याभोवती खोल्या. पुढचे काम ज्याचे त्याने करावयाचे होते. आपल्या रानातील झाड आपण तोडावयाचे. इंजिनावर चालणारी गोल करवत ह्या शेतावरून त्या शेतावर नेत, ती आपल्या दारी आली की शेजाऱ्यांनी जमून ओंडके कापून द्यावयाचे. ह्या रीतीस तेथे तल्कोत म्हणतात. मजुरी नाही, फक्त जेवण व कॉफी. आमची इर्जिकच ती. कापताना पडलेला भुसादेखील त्यांनी फुकट घालविला नाही. थंडी आत येऊ नये म्हणून तो दुहेरी भिंतींच्या मधल्या पोकळीत भरला. ती घरे आजही हजारोंनी उभी आहेत व त्यांत माणसे राहत आहेत.

ह्या गोष्टीत सर्वच गोड होते असे कोणी समजू नये. जमीनदारांस मोबदल्यादाखल मिळालेल्या रोख्यांची किंमत महागाईने खाल्ली, आणि नव्या शेजाऱ्यांविषयी जुन्यांच्या कपाळाच्या आठ्या लवकर गेल्या नाहीत. परंतु त्या देशाच्या सरकारने एक गोष्ट ओळखली होती. जमीन देणे, नकाशा देणे आणि वाट मोकळी करणे हे कायद्याचे काम. करवत ओढणे हे कायद्याचे काम नव्हे.

आमच्याकडे कायदा काय करतो? १९६४ च्या महाराष्ट्रातील झाडे तोडण्याच्या नियमनाच्या कायद्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस ही झाडे आहेत. ती स्वतःच्या मालकीच्या जमिनीतही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. पडलेले झाड हे तोडलेले झाड नव्हे, हे कोणीही वकील सांगेल; पण ते तुकडे करून रस्त्यावर आणले की वाहतुकीच्या पासाचा प्रश्न उभा राहतो, आणि खेड्यातील माणूस येथेच बिचकतो. लाकूड चोरीचे नाही हे सिद्ध करण्याची दगदग त्याच्याच गळ्यात पडेल, ह्या धास्तीने तो जो पहिला लाकूडवाला 'कागद माझे मी पाहतो' म्हणतो त्याच्या हवाली झाड करतो. त्याहून मौजेची गोष्ट १९२७ च्या भारतीय वन कायद्यात आहे. त्यातील ४१ व्या कलमात लाकूड कापण्याचे करवतखड्डे बंद करण्याचा किंवा त्यांवर अटी घालण्याचा अधिकार सरकारास दिला आहे, आणि तो लाकूड लपविणे व त्यावरील खुणा पुसणे ह्यांच्याच पंक्तीस बसवून दिला आहे! परक्या सरकारच्या लेखी सुताराचा खड्डा आणि चोराची लपणी एकाच तोलाची होती. ते सरकार १९४७ साली गेले; कलम राहिले.

ह्यावर वनखात्याचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. सूट दिली की वादळाच्या नावाखाली उभा साग व खैर कापला जाईल, आणि परसातील करवत ही चोरट्या आरागिरणीचे पहिले पाऊल ठरेल. आरागिरण्यांनी देशातील जंगलांचा किती नाश केला हे सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात पाहिले, म्हणूनच १९९६ च्या डिसेंबरात व पुढे २००२ च्या ऑक्टोबरात त्याने इतके कडक हुकूम काढले. त्या हुकमांस धक्का लागावा असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, विकण्याकरिता कापणारी गिरणी आणि आपल्या पडलेल्या झाडापासून आपलेच घर उभारणारा मनुष्य ह्यांत भेद करणे अशक्य नाही. घराच्या नुकसानीचा पंचनामा तलाठी करतोच. त्याच कागदावर पडलेल्या झाडाची जात, घेर व लांबी लिहावी. ज्या परसात झाड पडले त्याच परसात ते कापावे, त्याच घरास लावावे, विकू नये. ग्रामसभेने त्याची नोंद ठेवावी आणि ही सवलत तीन-चार महिन्यांपुरतीच असावी. घर उभे राहिल्यावर वासे मोजून पाहण्यास वनरक्षक खुशाल यावा. २०१७ मध्ये रानाबाहेरच्या बांबूस झाडाच्या व्याख्येतून काढण्यात आले, तेव्हाही जंगल बुडेल अशी ओरड झालीच होती.

आता एक कठीण गोष्ट सांगावयाची आहे. इर्जिकेचे कौतुक करणारे आम्ही, तिच्या शेजारीच वेठ नांदत होती हे विसरू शकत नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या वाड्यांची लाकडे वाहिली त्यांच्या झोपडीवर आढे चढविण्यास गाव कधी जमले होते काय? इर्जीक घालावयाची तर जेवू घालण्याची ऐपत पाहिजे, आणि ज्याच्या हातचे गाव जेवेल असा तो पाहिजे. ह्या दोन अटींत किती माणसे गळत होती हे उघड आहे. आजही रायगड जिल्ह्यातील पुष्कळ कातकरी वाड्यांखालची जमीनच त्यांची नाही, मग परसातील फणस कोठून असणार? म्हणून जी स्वयंसेवक मंडळे ह्या कामास निघतील त्यांनी सोप्या दारापासून आरंभ करू नये. ज्याच्या परसात दोन झाडे पडली त्याने एक द्यावे, आणि त्याची पहिली तुळई कातकऱ्याच्या घरावर चढावी. जेवण त्याच घरचे घ्यावे.

माणसे मिळणार नाहीत ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही. २०१६ पासून पुढील चार उन्हाळे पाण्याच्या कामांसाठी आमच्या शहरांतील माणसे टिकाव-घमेली घेऊन खेड्यांत गेली, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. करवतीचे काम त्याहून जोखमीचे आहे, हे कबूल. चेन सॉ नवशिक्याच्या हाती देणे म्हणजे त्याचा पाय गमावण्याची सोय करणे होय. म्हणून यंत्र शिकलेल्यानेच चालवावे. बाकीच्यांनी ओंडके कलते करावे, फळ्या वाहाव्या, सावलीत एकीवर एक रचून मध्ये पट्ट्या घालाव्या, म्हणजे वारा खेळून त्या न पिळता वाळतील. ओल्या लाकडाच्या चौकटी केल्या तर वर्षाच्या आत दार लागेनासे होते, हे वकिली करणाऱ्या आमच्यासारख्यासही आता कळू लागले आहे. वखारवाल्यांनी आपला एक जाणता माणूस व दोन कानशी आठवड्यातून एक दिवस दिल्या तर त्यांचे गिऱ्हाईक तुटणार नाही. ज्या घरास आज आढे मिळते तेच घर पुढे दारे-खिडक्या घ्यावयास त्यांच्याकडे येते.

सरकारकडे आमचे आज मोठे मागणे नाही. नवा कायदा होईल तेव्हा होवो. तोपर्यंत पडलेले झाड स्वतःच्या परसात कापून स्वतःच्या घरास लावण्यास कोणता परवाना लागतो, लागत असल्यास तो कोण देतो, आणि किती दिवसांत देतो, एवढे वनखात्याने सोप्या मराठीत एका पानावर छापून किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर पावसाळ्यापूर्वी लावावे.