भरल्या पाटाकाठची तहान

शिरोळ-मिरज भागात कृष्णाकाठची जी काळी जमीन उसाला बेसुमार पाणी पाजून क्षारपड झाली, तिच्यात उभे पीक पायाशी ओल असूनही कोमेजते, याचे कारण दैवात नसून परासरणात आहे. मुळाच्या पेशीतील रस मातीतल्या पाण्याहून अधिक संहत असेल, तरच पातळ पटलातून पाणी आत शिरते. मातीत क्षार साचले, की हा ओघ मंदावतो, प्रसंगी उलटतो, आणि पेशीद्रव्य भित्तिकेपासून सुटून आक्रसते. (मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटते, ते याच न्यायाने.) निचऱ्यावाचून आणखी पाणी देणे म्हणजे भूजल वर आणून क्षारांत भर घालणेच होय. सबब पाणीपट्टी मापावर नव्हे तर बहुतांशी क्षेत्रावर आकारून बेसुमार पाणी पाजण्याला वाव देत आलेल्या सरकारी दप्तराने पाटांइतकीच तरतूद निचऱ्याच्या चरांसाठीही करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.