जादा पाट्याचे ओझे: कमान, चाकोरी आणि तलासरीचा महामार्ग

मुंबई–अहमदाबाद महामार्गावर अवजड ट्रेलर ओढणाऱ्याला ‘दोन पाटे वाढवून घे’ हा सल्ला नवा नाही. गाडी मागून बसू लागली की पाटे वाढवायचे, माल वाढला की पुन्हा वाढवायचे. अच्छाडपासून तलासरी, चारोटी ओलांडून मनोरपर्यंत हेच शहाणपण चालते. त्यामागे हेतू वाईट नसतो. तरीही कमानीचा दोन शतकांचा इतिहास पाहिला, तर हे शहाणपण खोटे ठरते.

लंडनचा गाडीकार ओबडाया इलियट याने १८०४ साली लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले. पोलादाच्या लवचिक पट्ट्या एकावर एक रचायच्या आणि त्यांच्यावर गाडी तोलायची, ही कल्पना. श्रीमंतांच्या बग्गीतून ती टांग्यात आली आणि टांग्याच्या ‘कमानी’ मराठीत रुळल्या. हेतू एकच होता: धक्का वाकणाऱ्या पोलादाने झेलावा, बसणाऱ्याच्या हाडांनी नव्हे.

डहाणूच्या जंगलातून सागाचे ओंडके रेल्वे स्थानकाकडे नेणाऱ्या बैलगाडीला कमान नव्हती. लाकडी चाकावर लोखंडी धाव, आणि आसावर थेट ओझे. खड्डा आला की धक्का बैलाच्या खांद्यावर, गाडीवानाच्या पाठीवर, आणि उरलेला रस्त्यावर. अरुंद धाव माती कापत जाई आणि मागे चाकोरी उरे. (हा शब्द आज ठरावीक सवयीसाठी वापरतात, मुळात ती चाकाने रस्त्याला केलेली जखम.) लाकूड व्यापाऱ्याच्या वहीत या धक्क्याला रकाना नव्हता, तसा वारल्यांच्या वेठीलाही नव्हता. २३ मे १९४५ रोजी, आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे जमलेल्या वारल्यांनी वेठ नाकारली, तेव्हा हा न लिहिलेला खर्च उघड्यावर आला. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ त्यासाठीच वाचावे. स्वस्त वाहतूक म्हणजे बहुधा दुसऱ्या कोणीतरी भरलेले भाडे, हे त्यातून कळते.

मग ट्रक आला. १९५४ साली टाटांनी डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. कमानपाटा आपल्या रस्त्यांवर टिकला तो योग्य कारणाने: तो सोसतो, तुटला तर कोणत्याही नाक्यावर बदलता येतो आणि त्याला हवेची नळी लागत नाही. पट्ट्यांमधले घर्षण गाडीचे हेलकावेही थोडे आवरते. त्याला जुनाट म्हणून हिणवणे हा शहरी अडाणीपणा आहे.

अडचण पाट्यात नाही, ‘जादा’मध्ये आहे. एकसारख्या आठ पट्ट्यांवर आणखी दोन घातल्या, तर कमान सुमारे पाव पटीने ताठ होते. जाड पट्टी घातली तर हिशेब आणखी बिघडतो, कारण पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. गाडी आता बसत नाही, म्हणून मालकाला ती मजबूत झाल्यासारखी वाटते. पण आस तोच, ब्रेक तेच, टायर तेच, चेसीही तीच. वाढली फक्त ओझे लपवण्याची क्षमता. शिवाय हाच ट्रेलर रिकामा परततो, तेव्हा ताठ कमानीवर चाके उसळतात आणि ब्रेक लावताच जागीच आवळली जातात. पावसाळ्यात याचा अर्थ चालकाला सांगावा लागत नाही.

अनेक आसांच्या वाहनात दुसरा प्रश्न उभा राहतो: आसांनी भार वाटून घ्यायचा कसा? मॅग्नस हेंड्रिक्सन याच्या कंपनीने १९२६ साली दोन आसांना जोडणारी झुलती तुळई आणली. एक चाक उंचवट्यावर चढले, तरी दुसरे आपला वाटा सोडत नाही. ट्रेलरची निवड करताना पहिला प्रश्न हाच हवा. आसांमधला समतोल राखणारा दुवा झिजलेला असेल, तर वर कितीही पाटे चढवा; उंचवटा आला की सारे ओझे क्षणभर एकाच आसावर येते.

तो क्षण रस्ता विसरत नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ऑटवाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोजमाप झाले. त्यातून प्रसिद्ध चतुर्थ घाताचा नियम निघाला: रस्त्याची झीज आसभाराच्या साधारण चौथ्या घाताप्रमाणे वाढते. १६ जुलै २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली, जोडआसाची १९ वरून २१ टनांवर. पहिली वाढ पावणेतेरा टक्क्यांची. चौथ्या घाताने झीज मात्र सुमारे साठ टक्क्यांनी जास्त. ही वाढ कायद्याच्या आतली. जादा पाट्यांवर तोललेली त्यापलीकडची असते.

युरोपने याच कोड्याला वेगळे उत्तर दिले. १९९२ च्या निर्देशाने हवेच्या किंवा तिच्या तोडीच्या सस्पेन्शनला ‘रस्त्याला सौम्य’ असा दर्जा दिला आणि त्या बदल्यात जोडआसावर एक टन जादा भार मान्य केला. हवेच्या फुग्यातला दाब भाराप्रमाणे बदलतो, म्हणून भरलेली गाडी आणि रिकामी गाडी दोन्ही सौम्य चालतात. दाबमापकावर ओझेही वाचता येते. ओझे वाचता येणे हेच आपल्याकडे पुष्कळांना गैरसोयीचे वाटत असावे. पण यातही मेख आहे. फुग्याला पट्ट्यांचे घर्षण नसते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाले की महागडे सस्पेन्शनही रस्त्याला तितकेच बडवते.

हा वाद डहाणूला आता अधिकच लागू आहे. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली, आणि बंदरापासून महामार्गापर्यंत सुमारे ३२ किलोमीटरचा नवा रस्ता योजला आहे. चाळीस फुटी कंटेनर भरला की ३०.४८ टनांपर्यंत जातो. बंदर हवे की नको, याबद्दल किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचे म्हणणे जोरकस आहे आणि तो स्वतंत्र विषय. पण बंदर झाले, तर त्या रस्त्यावर ठरावीक वजनाचा माल ठरावीक अंतरावर रोज फिरेल. अशा कामाला हवेचे सस्पेन्शन परवडते: रस्ता चांगला, आगार जवळ, तपासणी शक्य. बांधकामाचा दगड वाहणाऱ्या गाड्यांना मात्र झुलत्या तुळईचा पाटाच योग्य, कारखान्याने दिला तेवढाच. बंदराच्या फाटकावर वजनकाट्याची पावती बघितली जाईलच; तिथेच ट्रेलरखाली वाकून पाटे मोजायला आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासायला दोन मिनिटे पुरतील. बंदराचे नियम अजून लिहिले जात असताना ही अट त्यांत घालून घेणे सोपे आहे.