वाळवंटातील खरे शस्त्र: मालमोटारीतला बिनतारी संच

#धागा #दुसरे_महायुद्ध

उत्तर आफ्रिकेच्या युद्धाचा विषय निघाला की लाँग रेंज डेझर्ट ग्रुपची तीच छायाचित्रे पुढे येतात: दाढी वाढलेले सैनिक, उघड्या शेव्हरोले मालमोटारी, त्यांवर रोखलेल्या मशीनगन. माझे मत असे की आपण चुकीच्या वस्तूकडे पाहत आलो आहोत. या दलाचे खरे शस्त्र मालमोटारीच्या उजव्या अंगाच्या छोट्या कप्प्यात होते.

१९४० च्या उन्हाळ्यात कैरो येथे हे दल उभारणारा राल्फ बॅग्नोल्ड रॉयल सिग्नल्सचा अधिकारी होता. हा योगायोग मानू नये. शेकडो मैल आत गेलेल्या तुकडीला निरोप पाठवता येत नसेल, तर तिने पाहिलेले सारे व्यर्थ, हे त्याला पक्के ठाऊक होते.

तुकडीच्या एका गाडीत ‘नंबर ११’ हा संच बसवलेला असे. त्याची शक्ती जेमतेम काही वॉट आणि अपेक्षित पल्ला सुमारे २० मैल. तरीही त्यावरून शेकडो, प्रसंगी हजार मैलांहून अधिक अंतरावर मोर्सने संदेश जात. हे कसे घडे? मुक्कामी पोहोचल्यावर सुमारे १७ फुटी दोन खांब उभारून त्यांमध्ये तार ताणली जाई. लघुलहरी वर जाऊन आयनांबरावरून परावर्तित होत आणि दूरवर उतरत. तारेची लांबी वारंवारतेनुसार मोजून घ्यावी लागे. म्हणून धावत्या गाडीतून हे साधत नसे. दिवसभर गाडी हाकून इतर जण आडवे होत, तेव्हा संदेशकाचे काम सुरू होई. बॅटऱ्या जादा ठेवून त्या गाडीच्या इंजिनावर भारित करीत. शत्रूला संशय येऊ नये म्हणून लष्करी शिष्टाचार टाळून नागरी व्यापारी केंद्रांची संदेशपद्धत वापरली जाई.

शिवाय फिलिप्सचा एक वेगळा ग्राहक-संच असे, तो केवळ अचूक वेळ ऐकण्यासाठी. ताऱ्यांवरून रेखांश काढताना एका सेकंदाची चूक म्हणजे लिबियाच्या अक्षांशावर सुमारे ४०० मीटरची चूक!

१९४२ च्या मार्च ते जुलै या काळात किनारी महामार्गावर ‘मार्बल आर्च’ या इटालियन कमानीजवळ दोन-दोन सैनिक दिवसभर दडून राहिले आणि रोमेलकडे जाणारे रणगाडे व मालमोटारी मोजत राहिले. गोळी झाडण्याची मुभा नव्हतीच. एनिग्मा संदेशांतून मिळणारी माहिती पडताळण्यास हे आकडे उपयोगी पडले. विमानतळांवरील छापे थरारक खरे, परंतु माझ्या लेखी ही मोजदाद त्यांहून मोठी कामगिरी आहे. चित्रपट मात्र छाप्यांवरच निघतात.

भारतीय घोडदळ पलटणींतील जवानांचे इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रनही या कामात होते. त्याचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो, याची खंत वाटते.

आज परवाना काढून आपल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत हॅम संच बसवणाऱ्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. गाडीवरची आखूड छडी लांब लहरींवर तडजोडच असते. दूरचा पल्ला हवा तर आजही गाडी थांबवून, खाली उतरून, दोन खांबांमध्ये तार बांधावी लागते.