डाग की गोंदण?

सहावी-सातवीतल्या मुलांना संगणकावर फोटो दुरुस्त करायला शिकवायचे, तर सुरुवात घरातल्या जुन्या फोटोपासून करावी. समजा, पणजीचा कृष्णधवल फोटो आहे. स्कॅन करताना इंचाला ६०० ठिपके ठेवले की बारकावे टिकतात. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम तिच्या प्रतीवरच, हा पहिला धडा. जेपेग फाइल बदल करून पुन्हा पुन्हा साठवली की दर वेळी थोडा तपशील कायमचा जातो.

कडा कापणे, उजेड कमी-जास्त करणे मुले तासाभरात शिकतात (आणि संध्याकाळी आईवडिलांना शिकवू लागतात!). त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर नको. १९९६ पासून फुकट मिळणारे ‘गिम्प’ पुरते.

खरी कसोटी ‘क्लोन’ची. ते शेजारचा भाग उचलून ओरखड्यावर चढवते. भिंतीवरचा ओरखडा त्याने छान बुजतो. तोच हात पुढे हनुवटीवर जातो, तिथला काळा ठिपकाही पुसला जातो, आणि ते असते पणजीचे गोंदण! संगणकाला दोन्ही सारखेच. तेव्हा चेहऱ्यावर काम करण्याआधी मुलांना आजीकडे पाठवावे, ठिपका कशाचा ते विचारून यायला.

मोठ्यांचेही हात इथे घसरले आहेत. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले, का, तर आडवा फोटो उभ्या पानात बसावा म्हणून! त्यावर बरीच टीका झाली. मुलांना हे मुखपृष्ठ जरूर दाखवावे आणि दुरुस्त फोटोच्या मागे काय काय बदलले, ते त्यांच्याच हाताने लिहून घ्यावे.